घरचा सर्व्हर : आधी परतीची वाट, मग नवी डिस्क

घरचा सर्व्हर म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फाइली सांभाळून त्यांना पुरवणारा कॉम्प्युटर. या महिन्यात त्यावर आलेली निम्म्याहून जास्त पत्रं "काय घेऊ?" असं विचारणारी आहेत. मी गिरगावात राहते. कॉम्प्युटरच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे नवं घेण्याचा मोह मला चांगला ठाऊक आहे. पण सव्वीस वर्षं एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काढल्यावर माझा एक क्रम पक्का झालाय. काही बिनसलं तर कालच्या जागी परत जाता येईल ना, हे आधी बघायचं आणि मगच स्क्रू खोलायचा. खालच्या उत्तरांत हे पुन्हा पुन्हा येईल, कारण पत्रांतल्या बहुतेक अडचणी तिथेच सुरू झाल्यात.

प्रश्न : ताई, मी बँकेतून निवृत्त झालो आहे. २०१४ साली घेतलेला डेस्कटॉप घरी पडून आहे. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. मुलगा म्हणतो, भंगारात द्या आणि मिनी पीसी घ्या. मला घरचे फोटो आणि कागदपत्रांचे स्कॅन एका जागी ठेवायचे आहेत, नातवंडांना टीव्हीवर जुने व्हिडिओ दाखवायचे आहेत. यावर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) चालेल का?
— एक वाचक, दादर

उत्तर : चालेल, काका, आणि उत्तम चालेल. फोटो साठवायला आणि घरातल्या चार फोनना पुरवायला हा प्रोसेसर भरपूर झाला. व्हिडिओचं मात्र बघावं लागेल. हल्लीचे बरेच फोन एचईव्हीसी प्रकारात चित्रीकरण करतात आणि चौथ्या पिढीच्या चिपमध्ये ते उलगडण्याची सोय नाही. टीव्ही स्वतः ती फाइल वाजवत असेल तर प्रश्नच नाही, सर्व्हरला ती नुसती पाठवायची असते. टीव्हीला जमत नसेल आणि जेलीफिनसारख्या प्रोग्रॅमला ती वाटेत बदलून द्यावी लागली, तर पंखा ओरडायला लागेल.

खरा हिशोब विजेचा आहे. असा डेस्कटॉप काही न करता नुसता चालू असला तरी साधारण ४५ वॉट घेतो असं धरू. दिवसाचे २४ तास, महिन्याचे ३० दिवस, म्हणजे ३२.४ युनिट. मिनी पीसी १० वॉटवर बसतो, त्याचे ७.२ युनिट. फरक महिन्याला २५ युनिटांचा. आपल्याकडे बिल टप्प्यांनी चढतं, १०० पर्यंत एक दर, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा, आणि ही जादाची युनिटं तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्यात पडतात. बिल समोर घेऊन तो दर पाहा आणि गुणाकार करा. तुमचे ४५ आहेत की ६५, हे प्लगमध्ये लावायच्या वॉटमीटरवर मोजून घ्या. जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर काढून ठेवा. सर्व्हरला त्याचा उपयोग नाही आणि ते फुकट वीज खातं.

चोवीस तास चालू ठेवायचं असेल तर मुलाचं बरोबर आहे. ऑफिसांतून निघालेले छोटे पीसी सेकंडहँड चांगले मिळतात आणि एन-१०० चिपचे नवे डबेही या कामाला पुरतात. पण म्हणून जुना डेस्कटॉप भंगारात देऊ नका! त्याला बॅकअपचं यंत्र करा. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये) ठरलेल्या वेळी आपोआप चालू होण्याची सोय असते. रात्री २ वाजता उठायचं, नव्या सर्व्हरकडून दिवसभराचे बदल ओढून घ्यायचे आणि बंद व्हायचं. दिवसाला अर्धा तास चालला तर वीज जवळजवळ लागतच नाही. माझ्याकडे हेच काम करणारा डेस्कटॉप तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी जुना आहे.

त्याआधी दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या एका गोष्टीकडे बघा. मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल. दहा वर्षांत तो संपलेला असणारच. सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं, बायोस सगळं विसरतं आणि कीबोर्डवर एफ-१ दाबायची वाट बघत बसतं. सर्व्हरला मॉनिटरच नसल्यामुळे तुम्हाला यातलं काही दिसत नाही, "मशीन मेलं" असं वाटतं. कधी मशीन सुरू होतं, पण तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षातली असते. मग सुरक्षित जोडण्यांची प्रमाणपत्रं "अजून लागू नाहीत" म्हणून नाकारली जातात आणि अपडेटही उतरत नाहीत. सेल बदला. मग बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू व्हायचा पर्याय निवडा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड बंद पडून मुंबई अंधारली, तेव्हा संध्याकाळी वीज आल्यावर माझ्या घरात हा पर्याय निवडलेलं मशीन आपोआप उठलं आणि न निवडलेलं तसंच पडून राहिलं.

सिस्टिमसाठी लहान का होईना, एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) घाला. आणि ५०० जीबीच्या त्या जुन्या डिस्कवर एकुलती एक प्रत ठेवू नका.

प्रश्न : माझ्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरमध्ये परवा एक एनव्हीएमई, म्हणजे मदरबोर्डवर थेट बसणारी, एसएसडी बसवली. बाकी कशालाही हात लावला नाही. चालू केल्यावर सर्व्हर नेटवर्कवर दिसेना. मॉनिटर लावला तर दीड मिनिट कसली तरी वाट बघून "इमर्जन्सी मोड" असं म्हणतो. नवी एसएसडी खराब आहे का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : एसएसडी बहुधा ठणठणीत आहे. तुमच्याकडे दोन गोष्टी एकावर एक पडल्यात आणि दुसरी अजून तुम्हाला दिसलेली नाही.

पहिली. बऱ्याच मदरबोर्डवर एनव्हीएमईचा एम-डॉट-टू स्लॉट आणि साटाची, म्हणजे केबलने डिस्क जोडायची, एक-दोन पोर्ट एकाच वाटेवर असतात. स्लॉटमध्ये कार्ड बसलं की ती पोर्ट बंद होतात. बोर्डाच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात हे दिलेलं असतं. तुमची एखादी जुनी डिस्क नेमक्या त्या पोर्टवर असणार. ती गायब झाली, पण एफएसटॅब फाइलीत, म्हणजे सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत, तिचं नाव आहे. सिस्टिम ९० सेकंद तिची वाट बघते आणि नाही आली तर पुढे जायला नकार देते. डिस्कची केबल दुसऱ्या पोर्टवर लावा. मग एफएसटॅबमध्ये साठवणीच्या प्रत्येक डिस्कच्या ओळीत "नोफेल" हा पर्याय घाला, म्हणजे पुढच्या वेळी एक डिस्क नसली तरी मशीन उठेल आणि तुम्हाला खुर्चीत बसून दुरुस्ती करता येईल. डिस्कची ओळखही एसडीए, एसडीबी अशी लिहिलेली असेल तर बदलून यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळखक्रमांक, लिहा. एसडीए आणि एसडीबी ही रांगेतल्या नंबरासारखी नावं आहेत, कोण आधी आलं त्यावर ठरतात.

आता दुसरी. हे केल्यावर मशीन पूर्ण सुरू होईल आणि तरीही नेटवर्कवर दिसणार नाही अशी शक्यता आहे. घाबरू नका. लिनक्स नेटवर्क कार्डाला मदरबोर्डवरच्या त्याच्या जागेवरून (पीसीआय बसच्या नंबरावरून) नाव देतं. ईएनपी-३-एस-० म्हणजे तिसऱ्या बसवरचं कार्ड. तुमच्या एनव्हीएमईने मधे एक नंबर घेतला की नेटवर्क कार्ड चौथ्यावर सरकतं आणि त्याचं नाव ईएनपी-४-एस-० होतं. सेटिंगमध्ये मात्र जुनंच नाव आहे, त्यामुळे पत्ता द्यायला कुणी सापडत नाही. "आयपी लिंक" ही कमांड देऊन नवं नाव बघा आणि सेटिंगच्या फाइलीत ते लिहा, नेटवर्क सुरू होईल. कायमचा इलाज करायचा तर सिस्टिमडीच्या नेटवर्क फोल्डरमध्ये एक छोटी लिंक-फाइल करून कार्डाच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्याच्या स्वतःच्या क्रमांकाला, आपल्या पसंतीचं नाव बांधून टाका. मग स्लॉटमध्ये काहीही घाला, नाव हलत नाही.

मी स्वतः हे एका रविवारी सकाळी शिकले. स्टीलच्या वाटीत काढलेले स्क्रू, टेबलावर पांढरा पंचा, आणि एम-डॉट-टूचा तो ज्वारीच्या दाण्याएवढा स्क्रू बोटांत. पंचा अंथरायचा तो याच स्क्रूसाठी. फरशीवर पडला तर खणकन वाजतो आणि कपाटाखाली जातो, पंच्यावर पडला तर तिथेच राहतो. कार्ड बसलं, सगळं छान दिसलं आणि सर्व्हर मुका. दुपारी दोनपर्यंत मी नवं कार्ड काढत-घालत होते, केबल बदलत होते. नाव बदललंय हे कळायला एक ओळ वाचायची होती. तेव्हापासून हार्डवेअरला हात लावण्याआधी मी "एलएसबीएलके" (डिस्कची यादी देणारी कमांड), "आयपी लिंक" आणि एफएसटॅब या तिन्हींतून जे दिसतं ते कागदावर छापून घेते. खोलण्याआधीचा आणि नंतरचा कागद शेजारी ठेवला की काय हललं ते लगेच सापडतं. तुमचं मशीन सुरू झालं की पहिल्यांदा हे छापून केसच्या आतल्या बाजूला चिकटवा.

प्रश्न : काकू, मी इंजिनीअरिंगला आहे. घरच्या रास्पबेरी पायवर (छोट्या कॉम्प्युटरवर) नेक्स्टक्लाउड हा फाइली ठेवायचा प्रोग्रॅम टाकलाय. घरात मस्त चालतं, पण कॉलेजमधून उघडत नाही. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी पायकडे वळवली, तरी नाही.
— एक विद्यार्थी, बोरिवली

उत्तर : राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघ. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुझा पत्ता खरा सार्वजनिक नाहीच. कंपनीने शेकडो ग्राहक एका पत्त्याआड बसवलेत. याला सीजीनॅट म्हणतात, आणि २०१२ साली हे पत्ते त्यासाठीच राखून ठेवले गेले. तू राउटरवर कितीही दारं उघडलीस तरी सोसायटीचं गेट बंदच आहे. आपल्याच यंत्रांमध्ये खासगी वाट करून देणारं, वायरगार्डवर चालणारं टेलस्केल पायवर आणि फोनवर टाक, दहा मिनिटांत काम होईल आणि कुठलंही पोर्ट जगासमोर उघडावं लागणार नाही. कंपनी जादा पैसे घेऊन स्थिर पत्ता देत असेल तरी मी तुला तेच सुचवेन.

एसएसएच (दुरून मशीनमध्ये शिरायची सोय) पासवर्डवर ठेवू नकोस, किल्ली (आपल्या मशीनवर ठेवलेली ओळखीची फाइल) वापर. पासवर्ड बंद करताना एक जोडणी चालू ठेवायची आणि दुसऱ्या खिडकीतून आत जाता येतंय याची खात्री झाल्यावरच पहिली सोडायची. आणि नेक्स्टक्लाउडचा डेटा एसडी कार्डावर असेल तर या आठवड्यात एसएसडीवर हलव. सतत लिहिण्यासाठी ती कार्डं बनवलेली नाहीत.

प्रश्न : दोन ४ टीबी डिस्क रेड-१ मध्ये लावल्या आहेत, दोन्हींवर एकदमच तेच लिहिलं जातं, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहे. वेगळा बॅकअप हवाच का? खर्च दुप्पट होतो.
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : हवाच. रेड-१ ने डिस्क मेल्यावर मशीन चालू राहतं, एवढंच. चुकून फोल्डर पुसलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसलं जातं. व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडे. विजेच्या झटक्यात एकाच डब्यातल्या दोन्ही डिस्क एकदम जाऊ शकतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरलं, त्या पाण्याला एका कपाटात किती प्रती होत्या याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

माझं काय गेलं ते सांगते. वडील आमच्या इमारतीतल्या भजनात गायचे. त्यांच्या ३१ कॅसेट होत्या. मी एकेक वाजवून, लॅपटॉपला वायर जोडून त्या कॉम्प्युटरवर घेतल्या, एका पावसाळ्यातल्या सगळ्या संध्याकाळी त्यात गेल्या. सर्व्हरवर एक डिस्क आणि रोज रात्री आरसिंक या प्रती काढणाऱ्या प्रोग्रॅमने दुसऱ्या डिस्कवर प्रत. आरसिंकला मी "डिलीट" हा पर्याय दिला होता, म्हणजे इकडे जे नाही ते तिकडेही ठेवायचं नाही. एके रात्री मूळ डिस्क खराब झाली आणि मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा ती जोडलीच गेली नाही. तिच्या जागी फक्त रिकामं फोल्डर उरलं. आरसिंक ठरल्या वेळी उठला, त्याने मूळ फोल्डर रिकामं बघितलं आणि सांगितल्याप्रमाणे प्रतही रिकामी केली. सकाळी मी चहा घेऊन बसले तेव्हा बॅकअपच्या नोंदीत "यशस्वी" असं लिहिलं होतं.

कॅसेट जपून ठेवल्या होत्या म्हणून पुन्हा वाजवता आल्या. पण मधल्या वर्षांत गिरगावच्या हवेने त्यांच्यावर बुरशी चढवली होती. ३१ पैकी १४ च नीट वाजल्या.

म्हणून आता माझं असं आहे. बॅकअप चालू होण्याआधी पहिली ओळ "माउंटपॉइंट" या कमांडची. डिस्क खरोखर जोडलेली नसेल तर पुढचं काहीच होत नाही. नुसती आरशासारखी प्रत मी ठेवत नाही, रेस्टिक हा बॅकअपचा प्रोग्रॅम वापरते. त्यात रोजची स्थिती वेगळी जपली जाते, त्यामुळे आज पुसलेलं कालच्या प्रतीत सापडतं. (बोर्गही तितकंच चांगलं, ज्याला जे जमेल ते.) बॅकअपचं मशीन सर्व्हरकडून ओढून घेतं, सर्व्हरला तिकडे लिहायची परवानगीच नाही. आणि एक डिस्क नाशिकला बहिणीकडे असते. दिवाळीत आणि मे महिन्यात तिची अदलाबदल होते.

खर्चाचं म्हणाल तर उलट करा. दोन्ही डिस्क एका डब्यात जुंपण्यापेक्षा एक सर्व्हरमध्ये ठेवा आणि दुसरी काढून बॅकअपला द्या. घरच्या सर्व्हरला मशीन चालू राहण्यापेक्षा वस्तू परत मिळणं मोलाचं आहे. डिस्क मेली आणि दोन दिवस फोटो दिसले नाहीत तर तुमच्या घरात कुणाचं काय अडणार आहे? मात्र दर महिन्याला एक तारीख ठरवा आणि बॅकअपमधून कुठलीही एक फाइल परत काढून उघडून बघा. मी एक भजन काढते आणि पूर्ण ऐकते.

डिस्क सेकंडहँड घेणार असाल तर दुकानातच स्मार्टसीटीएलने (डिस्कची तब्येत सांगणाऱ्या प्रोग्रॅमने) तपासा. पेन ड्राइव्हवर लाइव्ह लिनक्स (न बसवता तिथूनच चालणारं) घेऊन जायचं, लॅमिंग्टन रोडवरचे दुकानदार हसत मशीन देतात. जागा बदललेले सेक्टर (डिस्कवरचे बिघडलेले तुकडे) आणि प्रलंबित सेक्टर (बिघडल्याची शंका असलेले) हे दोन्ही आकडे शून्य हवेत. चाललेल्या तासांच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नका, तो पुसताही येतो. सीआरसीच्या चुका (वाटेत बिघडलेली माहिती) दिसल्या तर डिस्कला दोष देण्याआधी केबल बदलून बघा.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग विंडोजवरून लिनक्स सर्व्हरवर टाकताना काही फाइली "नाव फार लांब आहे" म्हणून अडतात. पण विंडोजवर तीच नावं चालतात आणि सर्व्हरवर याहून लांब इंग्रजी नावं चालतात. मराठीवरच हा अन्याय का?
— एक शिक्षिका, मुलुंड

उत्तर : तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला, कारण हा आपल्याच लिपीचा प्रश्न आहे आणि त्याचं नीट उत्तर आहे. विंडोज नावातली चिन्हं मोजतं, २५५ पर्यंत. लिनक्सची एक्सटी-४ आणि बहुतेक फाइल सिस्टिम बाइट मोजतात, तेही २५५ पर्यंत. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. "ज्ञानेश्वर" आपल्या डोळ्यांना चार अक्षरं. आत दहा चिन्हं, म्हणजे ३० बाइट. पूर्ण नावाला तुमच्याकडे ८५ चिन्हांची जागा आहे, त्यात "आषाढी एकादशी, ठिकाण, गायक, अभंगाची पहिली ओळ" मावत नाही.

२५५ ची ही मर्यादा प्रत्येक नावाला वेगळी असते, फोल्डरांसकट सगळ्या नावांना मिळून नाही. म्हणून वर्षाचं एक फोल्डर, त्यात प्रसंगाचं, त्यात गायकाचं आणि फाइलीला फक्त अभंगाचं नाव. बाकीची माहिती फाइलीच्या आतल्या टॅगमध्ये लिहा, तिथे ही अडचण नाही. नावं विंडोजवर असतानाच लहान करा, मग कॉपी करा. अडलेल्या फाइलींची यादी हातात येईपर्यंत मूळ पुसू नका.

अजून एक जपायचं. "दऱ्या", "सुऱ्या" यांतला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक ऱ वापरून, दुसरा र, हलन्त आणि मधे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधात मात्र एक टाइप केला तर दुसरा सापडत नाही. मंडळात टाइप करणाऱ्या सगळ्यांनी एकच कीबोर्ड ठरवून घ्या.

प्रश्न : डेबियन ११ वरून थेट १३ वर जाऊ का?
— एक वाचक, परळ

उत्तर : नाही. आधी १२, मग १३. मधली पायरी गाळलेली डेबियनला चालत नाही. १२ वर जाताना फर्मवेअरचा नवा विभाग, नॉन-फ्री-फर्मवेअर, स्रोतांच्या यादीत घाला, नाहीतर पुढे वायफाय किंवा नेटवर्क कार्ड अडून बसेल. पोस्टग्रेस हा डेटाबेस असेल तर डेबियन ११ मध्ये त्याची आवृत्ती १३, डेबियन १२ मध्ये १५ आणि डेबियन १३ मध्ये १७ आहे. डेटा आपोआप नव्या आवृत्तीत जात नाही, तो वेगळा न्यावा लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये टीएमपी, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर, रॅममध्ये गेलंय, २ जीबीच्या मशीनवर त्याकडे लक्ष ठेवा. पीसीच्या ३२-बिट जुन्या प्रोसेसरवर १३ बसवता येत नाही. दुरून करत असाल तर टीमक्सच्या (सर्व्हरवरच चालू राहणाऱ्या खिडकीच्या) आत करा, म्हणजे नेट गेलं तरी काम मधेच तुटणार नाही. आणि त्याआधी सिस्टिमच्या डिस्कची पूर्ण प्रत.

प्रश्न : माझ्या यजमानांनी घरात एक लिनक्स सर्व्हर केला होता. नोव्हेंबरमध्ये ते गेले. डबा अजून चालू आहे, हिरवा दिवा लागतो. आमचे सगळे फोटो त्यात आहेत. मला पासवर्ड माहीत नाही. मुलगी म्हणते बंद करून कुणाला तरी दाखवू. मला भीती वाटते. मी ६८ वर्षांची आहे.
— एक वाचक, माटुंगा

उत्तर : काकू, तुमची भीती रास्त आहे. आत्ता तो बंद करू नका. प्लगला हात लावू नका, मोलकरणीलाही सांगून ठेवा.

कारण असं. काही लोक डिस्कला कुलूप लावतात. मशीन चालू आहे तोवर ते कुलूप उघडं असतं. एकदा बंद झालं की पासवर्ड विचारतं, आणि तो नसेल तर आतलं कुणालाच काढता येत नाही. तुमच्याकडे कुलूप आहे की नाही हे ओळखायची एक साधी खूण आठवून बघा. वीज जाऊन आली की यजमान कीबोर्ड घेऊन त्या डब्यापाशी बसायचे, की तो आपोआप सुरू होऊन टीव्हीवर फोटो दिसायचे? आपोआप व्हायचं असेल तर बहुधा कुलूप नाही. पण आठवत नसेल तर आहे असंच धरा आणि पावसाळ्यात वीज जायच्या आत हे काम उरका.

त्यांचा लॅपटॉप आणि फोन कुणालाही देऊ नका, रीसेट करू नका. सिम चालू ठेवा. त्या लॅपटॉपमध्ये सर्व्हरची किल्ली साठवलेली असण्याची दाट शक्यता आहे, म्हणजे तिथून पासवर्डशिवायही आत जाता येतं. लॅपटॉपवर किंवा फोनवर फोटो आत्ता उघडत असतील तर मुलीला सांगा, एक नवी बाहेरची डिस्क आणून आज संध्याकाळी ते सगळे तिच्यावर उतरवून घ्यायचे. बाकी काही समजून घ्यायची गरज नाही. त्यांच्या डायऱ्या, बँकेच्या फाइली, राउटरच्या खालची चिठ्ठी हेही बघा. आमच्या पिढीतले पुष्कळ लोक पासवर्ड कागदावर लिहितात.

फोटो उतरल्यावर, आणि मुलीने त्यातले पन्नासेक उघडून बघितल्यावरच डबा बंद करायचा. कुलूप नसेल तर कुणीही लिनक्स जाणणारी व्यक्ती ती डिस्क यूएसबीच्या जोडणीने दुसऱ्या लिनक्स मशीनला लावून उरलेलंही वाचून देईल. ती तुमच्या घरी येऊन, तुमच्यासमोर करू दे. डिस्क दुकानात सोडून येऊ नका. आणि एक नक्की लक्षात ठेवा. ती डिस्क विंडोजच्या कॉम्प्युटरला लावली तर त्याला ती वाचता येत नाही आणि तो विचारतो, "वापरण्याआधी फॉरमॅट करायची का?" त्याला "नाही" म्हणायचं आणि डिस्क काढून घ्यायची.

बाहेरच्या डिस्क दोन घ्या, काकू. एक तुमच्या कपाटात आणि एक मुलीच्या घरी.